वरच्या ‘सी’चा कज्जा

मनुष्यजातीने आजवर ज्या गोष्टींवरून कज्जे केले त्यांत जमिनीचा क्रमांक पहिला लागतो, हे कोणत्याही तालुक्याच्या कचेरीतला कारकून सांगेल. परंतु जमिनीच्या कज्ज्यात निदान भांडणाची वस्तू जागच्या जागी असते, तिची मोजणी करता येते, आणि दोन्ही पक्षांच्या समक्ष हद्दीचे दगड पुरून प्रकरण काही काळ तरी मिटवता येते. इटालियन ऑपेराचे निस्सीम भक्त मिलान, पार्मा, व्हिएन्ना आणि न्यूयॉर्क येथे शंभराहून अधिक वर्षे जो मुकदमा पिढ्यानपिढ्या चालवीत आले आहेत, त्यातील वादाची वस्तू मात्र उत्पन्न होते त्याच क्षणी नाश पावते. ती वस्तू म्हणजे टेनर गायकाच्या कंठातून निघालेला मोठा सूर. कोणाचा सूर किती मोठा होता, तो सर्वांत वरच्या सज्जातील शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला की मधल्या झुंबरापाशीच थबकला, आणि पोहोचला असल्यास निघाला तसाच पोहोचला की वाटेत झिजला, या मुद्द्यांवरून एरवी अत्यंत सभ्य आणि कर वेळेवर भरणारे गृहस्थ परस्परांशी बोलणे टाकतात. आणि ज्याच्यापायी हे सर्व चालते त्या सुराच्या आकारमानाची विश्वसनीय नोंद कोणत्याही दफ्तरात नाही.

ज्या वाचकांचा या दरबारी प्रवेश झालेला नाही त्यांच्या माहितीसाठी सांगावयाचे, तर ऑपेराच्या राज्यात आवाजाच्या जातीवरून माणसाचा हुद्दा ठरतो. खर्जातला बास हा राजा, धर्मगुरू किंवा सैतान. मधल्या पट्टीचा बॅरिटोन हा नायिकेचा बाप, मत्सरी प्रतिस्पर्धी किंवा दुष्ट अंमलदार. आणि पुरुषाच्या स्वाभाविक आवाजांत सर्वांत उंच असा जो टेनर, त्याच्या वाट्याला प्रेम, तलवार आणि बहुधा शेवटच्या अंकातील मरण. निसर्गाने पुरुषाचा गळा ज्या कामासाठी घडवलेला दिसत नाही नेमके तेच काम टेनरकडून करून घेतले जात असल्यामुळे त्याची बिदागी अधिक, त्याचे रुसवे अधिक, आणि त्याच्या नावाने भांडणाऱ्यांची संख्या तर सर्वांहून अधिक. बासगायकावरून घरात अबोला धरला गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

या कज्ज्याचे मूळ शोधू गेल्यास ते झिल्बेर द्युप्रे नावाच्या फ्रेंच गायकापाशी सापडते. त्याच्या पूर्वीचे टेनर आपल्या पट्टीच्या टोकावरील स्वरापाशी, म्हणजे वरच्या ‘सी’पाशी, आले की आवाज हलका, नाजूक करून, त्या स्वराला जेमतेम स्पर्श करून अदबीने खाली उतरत असत. द्युप्रेने 1831 साली इटलीतील लुक्का येथे आणि 1837 साली पॅरिसच्या ऑपेरात, रोस्सिनीच्या ‘विल्यम टेल’मध्ये, तोच ‘सी’ छातीच्या भरदार आवाजात लावून दाखवला आणि श्रोते अक्षरशः वेडे झाले. ज्याने ते गाणे रचले तो रोस्सिनी मात्र मुळीच प्रसन्न झाला नाही. त्याने या सुराला गळा चिरला जात असलेल्या कोंबड्याच्या ओरडण्याची उपमा दिली. आणि द्युप्रे त्याच्या घरी येऊन तो सूर लावून गेला तेव्हा यजमानाने आधी आपली व्हेनिसची काचेची भांडी शाबूत आहेत ना, याची पाहणी केली, असे सांगतात. पॅरिसचा तोवरचा मानकरी टेनर आदोल्फ नूरी याने मात्र ही स्पर्धा इतकी मनाला लावून घेतली की, नव्या तऱ्हेचे गाणे शिकण्यासाठी नेपल्सला गेलेल्या त्या गुणी माणसाने 1839 साली तेथेच खिडकीतून उडी टाकून जीव दिला. हा मजकूर विनोदी लेखात शोभत नाही. परंतु द्युप्रेच्या त्या सुरापासून ‘सी’ हा केवळ एक स्वर न राहता एक मुलूख झाला, आणि तो जिंकणाऱ्याच्या नावे सनद करून देण्यासाठी प्रत्येक सज्जात एकेक मुनीम बसला.

या मुनिमांपैकी सर्वांत विद्वान वर्ग ध्वनिमुद्रिकांचा संग्रह करणाऱ्यांचा. यांचा मूळ पुरुष टेनर एन्रिको करूझो. 11 एप्रिल 1902 रोजी मिलानमधील एका हॉटेलच्या खोलीत ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग याने शंभर पौंडांच्या मोबदल्यात करूझोची दहा गाणी मुद्रित केली. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कलकत्त्यास येऊन गौहर जान यांचे गाणे मेणाच्या तबकडीवर उतरवणारा इसम तोच, ही गोष्ट आपल्याकडील तबकडीप्रेमींनी अवश्य ध्यानात ठेवावी. करूझोच्या हयातीत विजेचे मुद्रण नव्हते. गायकाने एका पत्र्याच्या भोंग्यात तोंड घालून गावयाचे, आणि भोंग्याच्या दुसऱ्या टोकाचा पडदा थरथरून सुई मेणावर रेघ ओढणार, अशी ती व्यवस्था होती. या व्यवस्थेला नाजूक सूर ऐकू येत नसे आणि दांडगा सूर सोसत नसे. म्हणून गाणे चढू लागले की गायकाने पाऊलभर मागे सरावे किंवा मान वळवावी, असा शिरस्ता पडला. याचा अर्थ एवढाच की, करूझोचा आवाज जेथे सर्वांत मोठा होता नेमका तेथेच तो भोंग्यापासून सर्वांत दूर होता. आवाजाची जात, रंग, दमसास, शब्दांची फेक हे सारे त्या तबकडीत कमीअधिक प्रमाणात उतरले. उतरले नाही ते एक आकारमान. आणि आमचे विद्वान गेली शंभर वर्षे त्याच तबकड्यांच्या पुराव्यावर भांडत आहेत ते आकारमानाबद्दल!

यात आणखी एक फाटा आहे. त्या काळच्या तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जातात, पण प्रत्यक्षात यंत्राचा वेग ज्या त्या दिवशी ज्या त्या तंत्रज्ञाच्या मर्जीप्रमाणे असे. मिनिटाला साडेचार-पाच फेऱ्यांचा फरक झाला की सगळे गाणे अर्ध्या सुराने वर चढते किंवा खाली येते. त्यामुळे एकाच तबकडीवरून एका घरी करूझो तरणाबांड, चपळ टेनर ठरतो, तर पलीकडच्या घरी तोच करूझो घशात मध साठलेला बॅरिटोन वाटतो. आणि दोघेही यजमान आपापल्या यंत्राची शपथ घेतात. अशा बैठकीत खिशातून स्वरनळी काढून, तिच्यात फुंकर मारून, “हा ‘सी’ नव्हे, ‘बी’ आहे, पट्टी उतरवलेली आहे,” असे न्यायाधीशाच्या गांभीर्याने जाहीर करणारा एक तरी गृहस्थ असतोच. तो असा निवाडा देतो तेव्हा बाकीच्यांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात ते एखाद्या थोर पुरुषाच्या चारित्र्याविषयी भलते काही उघडकीस आल्यावरच पाहावयास मिळतात.

विद्वत्तेची पराकाष्ठा मात्र मेपल्सन यांच्या नळकांड्यांपाशी होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायनेल मेपल्सन यांनी 1900 ते 1903 या काळात रंगभूमीच्या आडोशाने, पुढे तर तिच्या माथ्यावरच्या मचाणावरून, चालू खेळाचे तुकडे मेणाच्या नळकांड्यांवर टिपून ठेवले. करूझोच्या आधी ज्याच्या नावाचा डंका होता त्या पोलिश टेनर झां द रेश्के याचा आवाज आज कोठे ऐकावयास मिळत असेल तर तो या नळकांड्यांतच. ती लावली म्हणजे प्रथम तापल्या खापरावर लाह्या फुटाव्यात तसा आवाज येतो, मग तो वाढतो, मग त्या लाह्यांच्या पलीकडे कोठेतरी एक माणूस दोनचार क्षण गात असल्याचा भास होतो आणि पुन्हा लाह्या सुरू होतात. एवढ्या सामग्रीवर ‘द रेश्केच्या मधल्या सप्तकातील उदात्तता करूझोला साधली नाही’ असे विधान करणारे लोक आहेत. आपल्याकडे ताम्रपटातली अर्धी ओळ वाचून वंशावळी सिद्ध करणारे संशोधक होऊन गेले. पण त्यांच्या हाती निदान तांबे होते.

आता कोणी म्हणेल की, भोंगा गेला, विद्युत्-मुद्रण आले, ध्वनीच्या मोजमापाची शास्त्रीय साधने आली, तेव्हा हा दावा एकदाचा निकालात का काढू नये? शास्त्रज्ञांनी प्रयत्न केलेला आहे. स्वीडनच्या योहान सुंदबेरी यांनी दाखवून दिले की, मोठ्या वाद्यवृंदाचा जोर सेकंदाला पाचशे कंपनांच्या आसपास सर्वांत अधिक असतो आणि त्यापुढे उतरत जातो. तर शिकवून तयार केलेल्या गळ्यात सुमारे तीन हजार कंपनांच्या परिसरात एक खास धार येते, जेथे वाद्यवृंद अशक्त आणि माणसाचा कान तीक्ष्ण असतो. म्हणून ध्वनिक्षेपक नसताना एकटा माणूस शंभर वादकांच्या डोक्यावरून सुमारे अडतीसशे आसनांच्या मेट्रोपॉलिटनमध्ये शेवटपर्यंत ऐकू जातो. अर्थात, जवळून प्रचंड वाटणारा आवाज दूरवर विरून जाऊ शकतो आणि जवळून बेताचा वाटणारा आवाज सज्जापर्यंत सरळ पोहोचू शकतो. हे इतके समाधानकारक स्पष्टीकरण आहे की त्याने भांडण मिटण्याचा धोका उत्पन्न झाला होता. पण भक्तमंडळींनी ते ताबडतोब आपापल्या बाजूच्या कैफियतीत सामील करून घेतले, आणि आता ‘मोठा आवाज’ याच्या जोडीला ‘पोहोचणारा आवाज’ असे दुसरे कलम जोडून मुकदमा दुप्पट जोराने चालू आहे.

तबकडीवाल्यांना पुरून उरणारा एकच वर्ग, आणि तो म्हणजे प्रत्यक्ष साक्षीदारांचा. “तुम्ही तबकडी ऐकलीत, मी माणूस ऐकला,” या एका वाक्यापुढे कोणतेही स्वरनळीशास्त्र टिकत नाही. मिलानच्या ला स्काला थिएटरच्या सर्वांत वरच्या माळ्याला लोज्जोने म्हणतात. तेथे स्वस्त तिकीट काढून बसणारे हे साक्षीदार न्यायाधीश, वकील आणि जल्लाद या तिन्ही जागा एकसमयावच्छेदेकरून भूषवतात. पार्मा येथील माळा याहून कडक. तेथे सूर फुटलेल्या टेनरचे सामान उचलण्यास स्टेशनवरील हमालानेही नकार दिल्याची आख्यायिका इटलीत सांगतात, आणि ती खोटी मानण्याकडे पार्मेकरांचा मुळीच कल नसतो. 1992 च्या डिसेंबरात ला स्कालाच्या हंगामाच्या पहिल्याच रात्री ‘डॉन कार्लो’मध्ये लुचानो पावारोत्तीचा एक सूर तडकला, तर ज्या माणसावर साऱ्या जगाने प्रेम केले त्याला या माळ्याने शीळ घालून हिणवण्यास क्षणाचाही विलंब लावला नाही. पावारोत्तीनेही ती शिक्षा न्याय्य असल्याचे कबूल केले, यात त्याचा मोठेपणा दिसतोच; पण माळ्याची दहशत किती आहे तेही दिसते.

याच माळ्याने 2000 साली जो चमत्कार केला तो मात्र न्यायशास्त्राच्या इतिहासात नोंदवण्यासारखा आहे. व्हेर्दीच्या ‘इल त्रोव्हातोरे’मध्ये तिसऱ्या अंकाच्या अखेरीस टेनर आपल्या आईला चितेवरून सोडवण्यासाठी निघतो, आणि निघण्यापूर्वी, घाई असूनही, वरचा ‘सी’ लावून बराच वेळ उभा राहतो. हा ‘सी’ व्हेर्दीने लिहिलेला नाही. तो गायकांनी घुसडला, श्रोत्यांनी उचलून धरला, आणि वहिवाटीने त्याला मालकी हक्क प्राप्त झाला. संगीतसंचालक रिकार्दो मूती यांनी संगीतकाराच्या मूळ कागदपत्रांवर बोट ठेवून तो काढून टाकण्याचे फर्मान सोडले आणि साल्व्हातोरे लिचित्रा या तरुण टेनरने हुकुमाप्रमाणे व्हेर्दीने जे लिहिले तेवढेच गायले. त्याबरोबर व्हेर्दीच्या अभिमानाने आयुष्यभर फुगलेल्या त्या माळ्याने आरडाओरडा करून थिएटर डोक्यावर घेतले. कागदापेक्षा कब्जा बलवत्तर, हे तत्त्व महसूल खात्याबाहेर इतक्या स्पष्टपणे क्वचितच प्रस्थापित झाले असेल.

पुढे 2006 साली तर रोबेर्तो अलान्या हा टेनर ‘आइदा’मधील पहिलेच गाणे संपवतो न संपवतो तोच माळ्यावरून हुर्यो झाली, तेव्हा त्याने हात उंचावून रामराम केला आणि तो सरळ आत निघून गेला. वाद्यवृंद वाजत होता, नायिकेच्या प्रतिस्पर्धी राजकन्येने प्रेमाने ज्याच्याशी बोलावयाचे तो सेनापतीच जागेवर नव्हता. इतक्यात बदली टेनर आंतोनेल्लो पालोंबी याला अंगावरच्या रोजच्या कपड्यांनिशी, जीन्सच्या विजारीत, रंगभूमीवर ढकलण्यात आले. फाराओच्या दरबारात जीन्स घातलेला सेनापती उभा राहिल्याचे पाहून इतिहासाच्या अभ्यासकांना काय वाटले असेल ते असो. माळ्याला त्याच्या विजारीशी कर्तव्य नव्हते, त्याने फक्त त्याचा ‘बी-फ्लॅट’ तपासला.

टेनरभक्तांतही फ्रांको कोरेल्लीच्या पक्षाचे लोक ओळखू येतात ते त्यांच्या डोळ्यांतील चमकेवरून. उंचापुरा, देखणा, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याच्या बरगड्या कंप पावाव्यात, अशी त्याची कीर्ती. स्वभावाने तो भित्रा आणि तापट दोन्ही होता. नेपल्सला कोणी चेष्टा केली म्हणून चालू खेळातून, अंगावर योद्ध्याचा पोशाख असतानाच, तो जिना चढून त्या इसमाच्या सज्जापर्यंत धावला होता. परंतु त्याची खरी गाठ पडली ती स्वीडिश गायिका बिर्गिट नील्सन हिच्याशी, कारण तिचा आवाज त्याच्याहून मोठा नसला तरी लहान खचितच नव्हता. मेट्रोपॉलिटनच्या दौऱ्यात ‘तुरांदोत’च्या दुसऱ्या अंकात दोघांनी एकत्र धरावयाचा वरचा ‘सी’ नील्सनबाईंनी एके रात्री जरा अधिक काळ धरला. कोरेल्लीचा श्वास आधी संपला आणि तो रागाने आपल्या खोलीत जाऊन बसला. व्यवस्थापक रुडॉल्फ बिंग मोठे धोरणी. त्यांनी सल्ला दिला की, पुढच्या अंकात तिचे चुंबन घ्यावयाचे आहे, तेव्हा तू तिला चाव. एवढ्या कल्पनेनेच कोरेल्लीचा राग शमला आणि खेळ पार पडला. प्रत्यक्ष तो चावला की नाही याबद्दल दोन पक्ष आहेत. मात्र बाईंनी बिंग यांस तार केली की, पिसाळरोग झाल्यामुळे पुढच्या गावी येणे अशक्य आहे. कोरेल्लीचे भक्त ही गोष्ट सांगताना चाव्यावर जोर देतात, नील्सनबाईंचे भक्त तारेवर. सूर कोणाचा किती क्षण टिकला याचे दोन्ही पक्षांनी दिलेले आकडे एकत्र केले तर त्या रात्री तिसरा अंक झालाच नसावा.

आकडे हे या मंडळींचे दुसरे दैवत. 24 फेब्रुवारी 1988 रोजी बर्लिनच्या डॉइश ऑपेरात पावारोत्तीला 165 वेळा पडद्याबाहेर यावे लागले आणि टाळ्या 1 तास 7 मिनिटे चालल्या. 1991 च्या जुलैत व्हिएन्नामध्ये ‘ओतेल्लो’नंतर प्लासिदो दोमिंगोला 101 वेळा बाहेर यावे लागले, पण टाळ्या चालल्या 80 मिनिटे. झाले! पावारोत्तीचा पक्ष खेपा मोजतो, दोमिंगोचा पक्ष मिनिटे मोजतो. आणि हिशेबात मुरलेला एखादा त्रैराशिक मांडून दाखवतो की पावारोत्तीला दर खेपेस चोवीस सेकंद मिळाले तर दोमिंगोला सत्तेचाळीस, सबब बर्लिनकरांना घरी जाण्याची घाई होती. गाणे कसे झाले हा प्रश्न या त्रैराशिकात कोठेच बसत नाही.

या दोघांना होसे कारेरासच्या जोडीने एका रंगमंचावर आणून उभे केले ते 7 जुलै 1990 रोजी, रोममधील काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत. आणि तिघा टेनरांना एकाच वेळी ताब्यात ठेवण्याची जोखीम ज्याने शिरावर घेतली तो संगीतसंचालक आपल्या मुंबईचा झुबिन मेहता, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना दुसऱ्या दिवशी होता. जगातील कोट्यवधी लोकांना टेनर नावाची वस्तू असते हे त्या रात्री कळले, आणि म्हणूनच सनातनी मंडळींनी त्या कार्यक्रमाला आजतागायत क्षमा केलेली नाही. त्यांची हरकत एकच, पण मूलगामी: तेथे ध्वनिक्षेपक होते. बटण फिरवले की कोणाचाही आवाज कोणाहूनही मोठा होतो, मग आम्ही जन्मभर भांडलो ते कशासाठी?

या सर्वांच्या बोलण्याचा समारोप बहुधा एकाच सुरात होतो: आता ते गाणे राहिले नाही. कोरेल्लीच्या काळी वृद्ध म्हणत, तुम्ही टेनर जिली ऐकला नाहीत. जिलीच्या काळी म्हणत, तुम्ही करूझो ऐकला नाहीत. आणि करूझो 1903 साली न्यूयॉर्कला आला तेव्हा तेथील जाणते द रेश्केच्या आठवणीने सुस्कारे टाकीत होते. रोस्सिनीने तर उतारवयात खरे गाणे संपल्याचे जाहीरच केले होते. मागे मागे जात 1723 सालापर्यंत पोहोचल्यास पिएर फ्रांचेस्को तोसी नावाचा गायक-शिक्षक जुन्या आणि नव्या गायकांवर एक ग्रंथच लिहून बसलेला आढळतो, आणि त्याचाही कौल जुन्यांच्या बाजूने आहे. तेव्हा आज जे गाणे ऱ्हास पावत आहे ते निदान तीनशे वर्षे नेटाने ऱ्हास पावत आहे. इतका टिकाऊ ऱ्हास दुसऱ्या कोणत्याही कलेच्या वाट्याला आलेला नसावा. खुद्द टेनर जाकोमो लाउरी-व्होल्पी याने 1955 साली ‘व्होची पारालेले’ या पुस्तकात गायकांच्या जोड्या लावून तुलना केली, आणि आपला स्वतःचा पुरावा म्हणून 1972 साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर, बार्सिलोनात उभे राहून ‘तुरांदोत’मधील टेनरचे गाणे म्हणून दाखवले. ग्रंथाला जोडलेले याहून भक्कम परिशिष्ट मी पाहिले नाही.

एवढे लिहिल्यावर लेखकाने स्वतः निकाल न देणे हे पळपुटेपणाचे ठरेल. माझा निकाल स्वीडनच्या युसी ब्यॉर्लिंगच्या बाजूने आहे, आणि 1956 साली सर टॉमस बीचम यांच्या संचालनाखाली झालेले ‘ला बोएम’चे मुद्रण हा त्याचा पुरावा मी दाखल करीत आहे. त्याचा आवाज अवाढव्य नव्हता हे विरुद्ध पक्षाचे म्हणणे मला मान्य आहे. लहान होता हे मुळीच मान्य नाही. 1960 च्या मार्चमध्ये लंडनला, पडदा उघडण्यापूर्वी हृदयाचा झटका आला असताना, तो ते सबंध ‘ला बोएम’ गायला. त्याच वर्षी सप्टेंबरात, पन्नाशीही न गाठता, तो गेला. कोरेल्लीच्या पक्षाने आपली हरकत या मासिकाच्या पत्त्यावर, कागदाच्या एकाच बाजूस लिहून पाठवावी. तबकडीच्या वेगाविषयीच्या पत्रांस उत्तर दिले जाणार नाही.